डोंगर बी म्हणाला, येतो

टाकव्याला सून म्हणून आली त्याच आठवड्यात अल्थिया भर दुपारी ओल्या केसांनी रस्त्यावर धावत सुटली होती. पलीकडच्या खाणीत सुरुंग उडाला होता, एवढंच. ओट्यावर बसलेली माणसं हसली. तिचा नवरा कैलास मागून पळत गेला. इथे दगडाची खाण आहे, सुरुंग नेहमीचेच, असं त्याने तिला समजावलं. ती परत आली, पण घरात जाईना. अंगणात उभी राहून मागच्या डोंगराकडे बघत राहिली.

अल्थिया कॅरिबियन समुद्रातल्या मॉन्टसेराट नावाच्या लहानशा बेटावरची. ती शाळेत होती तेव्हा तिथला ज्वालामुखी जागा झाला. आधी नुसती गुरगुर, मग राख. भरदिवसा अंधारून यायचं, ताटातल्या अन्नावर राख बसायची. डोंगराखालची गावं सरकारने रिकामी केली. पण तिचा बाप शेतकरी होता आणि मळ्यात गाजरं काढायला आली होती. तो लपून-छपून जायचा. एका सकाळी गेला तो आलाच नाही. डोंगरावरून तापलेल्या राखेचा लोंढा उतरला, त्याखाली मळा गेला आणि बापही गेला.

आई तिला घेऊन लंडनला गेली. तिथे अल्थिया म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची आणि कविता लिहायची. ग्रंथालयाच्या एका खोलीत बेटावरची मोजकी माणसं जमत, त्यांना वाचून दाखवायची. एक पातळसं पुस्तकही निघालं. त्यात राख होती, समुद्र होता, बंदरावर निरोप देणाऱ्या बायका होत्या. बाप मात्र कुठल्याच कवितेत नव्हता. लिहायला बसलं की मळ्याच्या फाटकाशी हात थांबायचा.

कैलास तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. त्यांचं लग्न झालं. पुढे त्याचे वडील वारले, घरी आई एकटी पडली, म्हणून तो परतला आणि लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये नोकरीला लागला. सासूला, कस्तुराबाईंना, सुनेच्या नावाला जीभ वळेना. त्यांनी अलका ठेवलं आणि गावाने तेच उचललं. पोरं तिच्या कुरळ्या केसांना हात लावून पळायची. त्याचं तिला काही वाटत नसे. कविता मात्र बंद पडली. इंग्रजी ऐकायला कोणी नव्हतं आणि मराठी पुरी पडत नव्हती.

मराठी ती शिकली भाताच्या लावणीत. वरच्या ठाकरवाडीची चिंगी त्यांच्या खाचरात कामाला यायची. चिकाट चिखलात वाकून बायका गाणी म्हणत, एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. अलका शेजारी वाकून ओठ हलवायची.

गेल्या पावसाळ्यात अशीच लावणी चालू असताना चिंगी सहज बोलून गेली की वाडीवरच्या झऱ्याला आठवडाभर लाल पाणी येतंय. बायकांनी ऐकलं नि सोडून दिलं. बेटावरही डोंगर फुटण्याआधी झऱ्यांचं पाणी असंच बदललं होतं; अलकाच्या हातातली रोपं खाली पडली. ती चिंगीला घेऊन तशीच वर गेली. वाडीच्या डोक्यावर, उताराला आडवी भेग पडली होती. अलकाने आत हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. आतली माती गार होती, म्हणजे आग नव्हती, पण पावसात डोंगरच वाडीवर घसरायला आला होता. तिथेच चिखलात ती बसली.

कैलासने ग्रामपंचायतीत सांगितलं. पावसाळा सरला की कोणी तज्ज्ञ बोलावू, असं उत्तर मिळालं. चिंगीचा नवरा बुधा हलायला तयार नव्हता. त्याच्या शेळ्या होत्या, लावणी निम्मी राहिली होती. तो म्हणाला, “वैनी, आमचं आजे-पणजे हितंच ऱ्हायले. डोंगर आमाला न्हाई खात.”

 अलकाचा बाप अगदी अशाच सुरात बोलायचा. उत्तर द्यायला तिच्याकडे मराठी नव्हती.

दुसऱ्या दिवशी खाचरात बायकांचं गाणं संपलं आणि कोणी नवी ओळ टाकण्याआधी अलकाच बोलू लागली. मान खाली, हात रोपं लावतच.

“बाबा गेला मळ्याला,
म्हणाला, दुपारला येतो.
डोंगर बी म्हणाला, येतो.
दुपार झाली, बाबा न्हाई आला.
डोंगर आला.”

ओळ कोणी उचलली नाही.  कस्तुराबाई बांधावर होत्या. सुनेचा बाप मेलेला, एवढंच त्यांना ठाऊक होतं, कसा ते नव्हतं. त्या म्हणाल्या, “चिंगे, पोरं घिऊन खाली ये. आजच.”

त्या संध्याकाळी चिंगीमागोमाग वाडीतल्या बायका पोरं घेऊन गावातल्या शाळेत उतरल्या. बुधाही कुरकुरत आला, पण रोज उजाडलं की शेळ्यांसाठी वर जायचा. तो परत दिसेपर्यंत अलका शाळेच्या पायरीवर बसून राहायची.

डोंगर काही आला नाही. पाऊस ओसरला, ऊन पडलं. शाळेत कोंडून राहून माणसं वैतागली. पारावर लोक बोलू लागले की परदेशी बाईने उगा हूल उठवली. ते ऐकताना एकदा अलकाच्या मनात आलं, पडू दे एकदाचा डोंगर. आपण काय इच्छिलं हे कळलं तेव्हा ती डोंगराला भ्याली नव्हती इतकी स्वतःला भ्याली. हे तिने फक्त कस्तुराबाईंना सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कोणाला सांगू नको म्हणाल्या.

माणसं वाडीत परतली. बुधाने भेगेत दगड-माती भरली. अलकाची टिंगल करता करताच त्याने शेळ्यांचा गोठा मात्र तिथून हलवला. तज्ज्ञ अजून आलेला नाही. अलका आता मराठीत लिहिते, थोडं थोडं, आणि चिंगीला म्हणून दाखवते. बाप त्यात येतो.

यंदा पाऊस लागून राहिला तशी चिंगी सकाळीच दारात आली. पोरांची कापडं गाठोड्यात बांधून ठेवली होती.

“ताई, कवा उतरायचं? तू सांगशील तवा उतरू.”

लोक हसत होते तेव्हा बरं होतं, असं अलकाला वाटून गेलं. आता तिचं चुकलं, तर वाडीतली माणसं जिवानिशी जाणार होती. तिने चिंगीला खरं तेच सांगितलं, “मला न्हाई म्हाईत.” मग डोक्यावर इरलं घेतलं आणि झऱ्याचं पाणी बघायला दोघी वर निघाल्या.