अर्ध्या सुपारीचं कोर्ट

लखनौच्या आमच्या मराठी मंडळाचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. स्वयंपाकघरातल्या रिकाम्या बाटल्यांसारखे ते साठत जातात. टाकू टाकू म्हणतो आणि टाकवत नाहीत!

मी प्रयोगशाळेत नोकरीला होतो आणि मंडळात प्रॉम्प्टर. सत्तरचं दशक सरत आलं होतं. गणपतीत आम्ही दरवर्षी नाटक करायचो आणि तेही कोर्टाचंच. खुनाचं असो, मृत्युपत्राचं असो, कोर्ट पाहिजेच! पाहण्यासारखी व्हायची हो ती नाटकं. फक्त शेवटचं आठवलं की अजून मी खुर्चीत स्वस्थ बसू शकत नाही, कारण त्यात एका गरीब माणसाची नोकरी पणाला लागली होती. पण ओळीने सांगतो.

*

कोर्टच का? तर पिंजऱ्यामुळे!

सबनीससाहेब रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर, आणि आमच्या नाटकांतले कायमचे न्यायाधीश. त्यांनी साक्षीदाराचा पिंजरा रुळांखालच्या जुन्या स्लीपरच्या लाकडाचा करून घेतला. उचलायला सहा माणसं लागत. एकदा स्टेजवर चढला की उत्सव संपेपर्यंत तिथून हलत नसे. एका वर्षी आम्ही हौसेने कौटुंबिक नाटक बसवलं, तर सूनबाईला सासूशी पिंजऱ्यात उभं राहून भांडावं लागलं. शेवटी मंडळाने हात टेकले.

तो पिंजरा आणायला दरवर्षी रामखिलावन यायचा. रेल्वे फाटकावरचा गेटमन. मराठीचं अक्षर कळत नसे, पण विंगेत स्टुलावर बसून अख्खं नाटक बघायचा. पडदा पडला की त्याचा एकच प्रश्न, "साहब, कौन छूटा?"

*

वकिलाचं काम छावणीतल्या कॅप्टन मोहित्यांकडे. काळा कोट एका तिकीट चेकरचा आणला होता. बिल्ला काढायचा राहिला!

उलटतपासणी ऐन रंगात आली होती. पहिल्या रांगेत आमचे शेजारी मिश्राजी, खास पाहुणे. ते उठून म्हणाले, "भाईसाहब, बंबई की वेटिंग है, कन्फर्म हो जाएगी?"

हॉल हसायला लागला. सबनीससाहेबांनी हातोडा आपटला, "वेटिंगचं नंतर! आधी साक्ष!"

नाटक संपल्यावर मोहित्यांसमोर खरोखरच रांग लागली. दिवाळीला घरी जायचं सगळ्यांनाच होतं.

*

सबनीससाहेबांची मुलगी मंजू एकदा साक्षीदार झाली. आमची सगळी पोरं तशीच, मराठी समजायचं पण उत्तर हिंदीत. महिनाभर तालीम घेतली, आणि ऐन वेळी मोहित्यांनी विचारलं, "चोर कोण, ते तू पाहिलंस का?" मंजू म्हणाली, "हाँ अंकल, देखा।"

मी विंगेतून मराठी वाक्य ओरडून ओरडून घसा सुकवला. साहेब उखडले, "मराठीत सांग!"

"पापा, सच तो सच है! हिंदी में बोलूँ तो क्या झूठ हो जाएगा?"

टाळ्यांचा कडकडाट! हे वाक्य माझ्या वहीत नव्हतं. वहीत नसलेलं कोणी बोललं की मी उगाच पानं उलटत बसतो.

*

आता आमची खरी खासियत. आमच्या नाटकात निकाल नसायचा! शेवटी दोन ताटं फिरवायची, एक 'दोषी', एक 'निर्दोष'. प्रत्येक प्रेक्षकाने एक सुपारी टाकायची. बरोबरी झाली तरच न्यायाधीशाने निकाल द्यायचा. ती वेळ कधी आलीच नव्हती, म्हणून साहेब त्या खुर्चीवर खूश होते.

सबनीसवहिनी मात्र पर्समध्ये अडकित्ता घेऊन यायच्या. सुपारीचे दोन तुकडे करायच्या, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. "दोघांचंही पटतं हो मला!" त्यामुळे आमचा निकाल साडेतेवीस विरुद्ध साडेएकोणीस असा लागायचा. एका वर्षी मिश्राजींनी मोजणीआधी 'निर्दोष'च्या ताटातली अर्धी सुपारी उचलून तोंडात टाकली, आणि एक निर्दोष माणूस अर्ध्या सुपारीने फासावर गेला!

*

आता ते शेवटचं.

नाटक जूनमध्येच ठरलं होतं. डॉक्टर चुकीचं औषध लिहून देतो, आळ कंपाउंडरवर येतो, आणि डॉक्टर साक्षीला येऊन गप्प बसतो. डॉक्टर दोषी की निर्दोष?

जुलैत रामखिलावनच्या फाटकात गाडीने टेम्पो उडवला. ड्रायव्हरचा पाय मोडला. रामखिलावन म्हणाला, फाटकावरचा फोन बंद होता, गाडी येतेय हे कळलंच नाही. फोनची जबाबदारी सबनीससाहेबांच्याच खात्याची. त्यांनी लिहून दिलं, फोन चालू होता. रामखिलावन सस्पेंड झाला. चौकशी सोमवारी, आमचं नाटक आदल्या दिवशी, रविवारी.

तालमीत साहेब एका जागी बसेनात. सारखं पेनाचं टोपण काढायचे, लावायचे. एकदा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "त्याने चार दिवस आधी चिठ्ठी दिली होती, फोन बंद आहे म्हणून. माझ्या ड्रॉवरमध्येच राहिली."

"मग?"

"मग काय! माझी प्रमोशनची फाइल वर गेलीय, यार."

मी मान खाली घातली आणि त्यांना पुढचं वाक्य वाचून दाखवलं. स्वतःचाच संताप आला. पण दुसऱ्याची वाक्यं सांगायची सवय, स्वतःचं बोलायची नाही.

रविवारी पिंजरा आला. वाहणाऱ्या सहांत रामखिलावनही! मी म्हटलं, "तुम क्यों आए?"

"सस्पेंड हूँ साहब, बीमार थोड़े हूँ!"

शहराबाहेरच्या चिनहटच्या मंडळींना परतायची बस गाठायची असते म्हणून नाटक दुपारीच लावलेलं. पाच वाजता ताटं फिरली. सबनीसवहिनींची पाळी आली. त्यांनी अडकित्ता काढला, स्टेजवरच्या नवऱ्याकडे पाहिलं आणि तो परत पर्समध्ये ठेवला. अख्खी सुपारी 'दोषी'च्या ताटात टाकली.

मोजणी झाली. बावीस, बावीस!

असल्या वेळेसाठी माझ्या वहीत एक वाक्य होतं, 'न्यायासन निकाल राखून ठेवत आहे.' मी ते दोनदा कुजबुजलो. नंतर मोठ्याने म्हटलं.

साहेबांनी हातोडा खाली ठेवला. उठले, पायरी उतरले आणि जाऊन पिंजऱ्यात उभे राहिले. विंगेकडे तोंड करून हिंदीत बोलले, "रामखिलावन, फोन बंद था। तुम्हारी चिट्ठी मेरी दराज़ में है।"

रामखिलावन स्टुलावरून उठला. पिंजऱ्यापाशी आला.

"साहब, ई बात सिरिफ नाटक मा है, कि सोमवार का भी कहिहौ?"