शोभेचे मास्क

मार्वा टेटलो कुठलीही वस्तू विकायला ठेवायच्या आधी स्वतःच्या अंगावर घालून बघायची. दात न लागणाऱ्या बाह्या तिने शिवल्या, तेव्हा पहिली बाही चढवून ती तशीच समोरच्या लाकडाच्या वखारीत गेली आणि तिथल्या राखणीच्या कुत्र्यापुढे हात धरला. वखारवाला धावतच बाहेर आला.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं? सोड त्याला! म्हणजे, तो तुला सोडू दे आधी!"

कुत्रा कोपराला लोंबकळत होता आणि मार्वा मान वाकडी करून दात नेमके कुठे रुततायत ते बघत होती. "मनगटापाशी आणखी एक थर लागेल," एवढं म्हणून ती परत दुकानात गेली.

केटल बेंड गावात तिचं दुकान होतं. मूळचा धंदा सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवायचा. नवरा लॉइड बाजूच्या खोलीत लष्कराचा जुना माल विकायचा. तो गेला आणि ती खोली तिच्या गळ्यात पडली. हेल्मेटं, लोकरीची ब्लँकेटं, पाण्याच्या पिशव्या, हाताने फिरवायचे रेडिओ. माल काही हलेना. मग एका ऑक्टोबरात कॉलेजातल्या पोरी आल्या आणि म्हणाल्या, झोंबी आले तर लागेल असं सामान द्या, आम्हाला मिरवणुकीत घालायचंय. मार्वाने बंबवाल्यांनी टाकून दिलेले जाड कापडी पाइप आणले, चिरून सपाट केले, आतून चामडं लावलं आणि बाह्या शिवल्या. दोन वर्षांत लांबलांबची माणसं गाड्या घेऊन यायला लागली. कुणी मानेचे पट्टे न्यायचे, कुणी गुडघ्याच्या ढाली, कुणी तीन दिवस पुरेल असं सामान भरलेली पाठपिशवी.

गिऱ्हाइकं दोन जातीची. एक हसणारी, दुसरी न हसणारी. हार्लन ओस्टबी दुसऱ्या जातीतला. सत्तरीचा, आयुष्यभर ओंडक्यांचे ट्रक चालवलेला, बहीण व्हर्लाबरोबर डोंगरावरच्या घरात राहणारा. तो यायचा, प्रत्येक शिवण बोटाने चाचपायचा आणि मगच घ्यायचा.

"तू खरंच झोंबींची वाट बघतोस का रे?" मार्वाने एकदा विचारलं होतं.

"झोंबी म्हटलं की लोक हसतात आणि सोडून देतात," तो म्हणाला. "आग, उपासमार, शेजारी म्हटलं की पोलीस चौकशीला येतात."

स्वतःवर घालून बघायचा नेम मार्वाने एकदाच मोडला. स्पोकेन शहरात एक नाटक कंपनी बंद झाली, तिच्या सामानात गॅस मास्कची एक पेटी मिळाली. काळं रबर, गोल काचा, पुढे हवा गाळायची असते तशी पत्र्याची डबी. पेटीवर चिठ्ठी होती, 'फक्त शोभेसाठी'. दिसायला असे झकास की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. मार्वाने चिठ्ठी काढली आणि मास्क खिडकीत टांगले. हार्लन आला, त्याने दोन उतरवले.

"चालतात ना हे?"

"झोंबीला काय कळतंय?" मार्वा हसत म्हणाली.

हार्लन हसला नाही. त्याने मान डोलावली आणि मास्क काखेत मारून गेला. तो 'हो' समजलाय हे मार्वाला त्याच क्षणी कळलं होतं. हाक मारावी असंही मनात आलं. पण दुकानात आणखी चार जण होते, आणि ती वेळ टळली ती टळलीच. पुढे तो आला की तिला ते मास्क आठवायचे आणि ती दुसरंच काही बोलायला लागायची.

ऑगस्टच्या एका दुपारी, जेवणं नुकतीच झालेली असताना, पश्चिमेच्या कड्यामागून धूर वर आला. वारा फिरला तशी तासाभरात ऊन तांबडं झालं आणि गाड्यांवर राख पडायला लागली. सगळ्यांच्या फोनवर एकदमच तिसरा इशारा वाजला. तिसरा म्हणजे असाल तसे निघा. मार्वाने ब्लँकेटं, पाण्याचे कॅन आणि शिवून ठेवलेल्या बाह्या-पट्टे ट्रकमध्ये टाकले. दाराला कुलूप लावताना तिला हार्लनची आठवण झाली. तिने फोन लावला.

"निघालात ना?"

"कशाला?" हार्लनचा आवाज निवांत होता. "आम्ही तळघरात चाललोय. व्हर्लाचे गुडघे दुखत असताना उगाच शंभर मैल कोण हेलपाटणार? सहा महिन्यांचं खाणं आहे. हवेचा पाइप आहे. आणि तुझे मास्क आहेत की!"

"हार्लन, ऐक. ते मास्क..."

लाइन तुटली. पुन्हा लावला, लागला नाही. तिसऱ्यांदा तर नुसती शांतता.

गावातल्या सगळ्या गाड्या नदीकडे उतरत होत्या. मार्वाने ट्रक उलट्या दिशेला वळवला.

डोंगराच्या रस्त्याच्या तोंडाशी एक पोलीस गाडी आडवी लावून उभा होता. नव्यानेच आलेला, घामाने भिजलेला माणूस. तो हात पसरून पुढे आला.

"वर जाता येणार नाही, मॅडम. रस्ता बंद करतोय."

"वर दोन माणसं आहेत."

"त्यांना निरोप गेलाय. त्यांनी नाही म्हटलंय. मोठी माणसं आहेत, मी काय उचलून आणू?"

"ती माझ्यामुळे नाही म्हणतायत," मार्वा म्हणाली. तो काही विचारायच्या आत तिने चाक कडेच्या गवतात घातलं आणि त्याच्या गाडीला वळसा मारून वर चढली. आरशात तो दोन्ही हातांनी डोकं धरून उभा दिसला.

चार मैल. पहिल्या दोन मैलांत फक्त धूर होता. तिसऱ्यात उजव्या हाताच्या उतारावर पाइनची झाडं एकेक करून पेटत होती, मुळापासून शेंड्यापर्यंत एका दमात, आणि प्रत्येक वेळी मोठं कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज येत होता. एक हरणी रस्त्यावर आली, ट्रकला न घाबरता बाजूने पळत गेली. मार्वाने काचा बंद केल्या होत्या, तरी घसा खवखवत होता. परत फिरावं असं तिला वाटलं, एकदा नाही, तीनदा.

घराच्या मागे टेकडीत खणलेल्या तळघराचं दार उघडंच होतं. हार्लन पायऱ्यांवर बसून दाराच्या फटीत ओली गोणपाटं भरत होता. मास्क त्याने कपाळावर सरकवला होता.

"अरे वा, टेटलोबाई! तूसुद्धा आलीस? ये, जागा आहे."

"उठ. व्हर्लाला घे आणि ट्रकमध्ये बस."

"तुला काय झालं?"

"तो मास्क खोटा आहे, हार्लन."

आतून व्हर्लाचा आवाज आला, "कोण आहे रे?"

"खोटा म्हणजे?" हार्लन म्हणाला. "पत्रा आहे, रबर आहे. तुझ्याच दुकानातला आहे."

मार्वाने त्याच्या कपाळावरून मास्क ओढून काढला. डबी फिरवून वेगळी केली, पायरीवर ठेवली आणि खिशातला कापड कापायचा सुरा तिच्या कडेत खुपसला. सुरा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा झाकण उचकटलं. आत पिवळा पडलेला स्पंजचा गोळा होता. भांडी घासायचा असतो तसला. तिने तो बोटांनी चुरला, त्याची पूड झाली.

"नाटकातला आहे," ती म्हणाली. "पेटीवर लिहिलेलं होतं. मीच चिठ्ठी काढून टाकली. आणि खरा असता तरी आगीच्या धुरात तो उपयोगाचा नाही. तुझ्या त्या पाइपातून विषारी वायू आत येईल आणि तुम्ही बसल्या जागी झोपाल. आरडाओरडाही होणार नाही."

हार्लन त्या पुडीकडे बघत होता. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा?"

"हो."

टेकडीच्या माथ्यावर काहीतरी धडाडलं. व्हर्ला काठी टेकत दारापर्यंत आली. तिने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा भावाकडे.

"हार्लन," ती म्हणाली, "तिला नंतर काय शिव्या द्यायच्या त्या दे. आत्ता मला धर."

तिघं पुढच्याच सीटवर दाटीने बसली. मार्वाने व्हर्लाच्या डोक्यावरून लोकरीचं ब्लँकेट टाकलं आणि त्यावर कॅनमधलं पाणी ओतलं. पहिलं वळण पार झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर तिने ब्रेक दाबला. रस्त्यावर पाइन आडवा पडला होता, एका अंगाने पेटलेला. डाव्या बाजूला आग होती, उजव्या बाजूला कडा.

मार्वाला काही सुचेना. हात स्टिअरिंगवर होते आणि बोटं हलत नव्हती.

"साखळी आहे?" हार्लनने विचारलं.

"मागे."

"बाह्या?"

"त्याही मागे."

तो उतरला. मार्वानेच शिवलेल्या बाह्या त्याने दोन्ही हातांत खांद्यापर्यंत चढवल्या, मानेचा पट्टा आवळला, साखळी खांद्यावर टाकली आणि धुरात शिरला. काही वेळ तो दिसेनासाच झाला. व्हर्ला ब्लँकेटखाली काहीतरी पुटपुटत होती, प्रार्थना असावी. मग ट्रकच्या नाकापाशी साखळी खडखडली आणि हार्लनने बॉनेटवर थाप मारली.

"मागे घे! हळू! चाक फिरवू नकोस, मी सांगेन तेव्हाच फिरव!"

चाळीस वर्षं ओंडके ओढलेला माणूस होता तो. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, घाई नव्हती, नुसतं काम होतं. मार्वा त्याच्या हाताकडे बघत राहिली. ट्रक मागे सरकला, साखळी ताणली, टायर घसरले. जळत्या रबराचा वास आला. झाड जागचं हललं, अडकलं, पुन्हा हललं.

"आता डावीकडे! डावीकडे, बाई! आणखी! बस!"

झाडाचा शेंडा फिरला आणि कड्याच्या बाजूला एक ट्रक जाईल एवढी फट झाली. हार्लनने ट्रकच्या नाकाची साखळी सोडवली, ती तिथेच टाकली आणि धावत आला. बाह्यांवरून वाफ निघत होती. त्याचा डावा कान आणि गालाची कड लाल होऊन सोलवटली होती. तो बसला, दार ओढलं. मार्वाने उजवी चाकं अगदी कड्याच्या कडेवरून नेली. खाली दगड घरंगळत गेल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

पायथ्याशी तोच पोलीस उभा होता. तो ट्रककडे धावला, शिवी देणार होता बहुतेक, पण हार्लनचा चेहरा पाहून त्याने नुसतंच पुलाकडे बोट दाखवलं.

पाच दिवसांनी लोकांना वर जाऊ दिलं. हार्लनच्या घराचं नुसतं धुराडं उभं होतं. तळघराचं दार जळून गेलं होतं आणि आत जॅमच्या सगळ्या बाटल्या उष्णतेने फुटल्या होत्या. मार्वाही गेली होती, पण ती लांबच उभी राहिली. हार्लन पायऱ्या उतरून आत गेला, बराच वेळ आत होता, मग वर आला. कानाला पट्टी होती.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशी दुकानात तू हसलीस. मला हसलीस का?"

मार्वाला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "थोडीशी तुलाच."

त्याने मान हलवली आणि तो व्हर्लाकडे गेला.

उरलेले मास्क मार्वाने त्याच आठवड्यात अंगणात कोयत्याने तोडले. आधी विकलेले हार्लनखेरीज आणखी नऊ जणांकडे गेले होते. विचारत, आठवत तिने एकेकाला फोन केले. सहा जण हसले, भिंतीला टांगलेत म्हणाले. दोघांनी शिव्या दिल्या. एक बाई म्हणाली, "मी तो मुलीच्या पलंगाखाली ठेवलाय," आणि फोन ठेवला. त्या फोननंतर मार्वाने दोन दिवस दुकान उघडलं नाही.

ओस्टबी भावंडांनी गावातच खाली दोन खोल्या घेतल्या. हिवाळ्यापासून व्हर्ला दर गुरुवारी दुकानात येऊन बाह्यांना अस्तर लावते. हार्लन तिला सोडायला येतो, पण उंबरा ओलांडत नाही. ट्रकमध्ये बसून राहतो. मार्वा कॉफी घेऊन बाहेर जाते. तो काच खाली करतो, कप घेतो, काच वर करतो. जाताना व्हर्लाच्या हाती कप परत येतो, बर्फाने घासून स्वच्छ केलेला. जळलेल्या घरापाशी बोलला, त्यानंतर तो मार्वाशी अजून बोललेला नाही.