नाना म्हशीला सांगायचे

तरुणपणी मी एक उन्हाळा देवी होते. हसू नका, माझ्या नातवंडांनी पोटभर हसून घेतलंय, तेवढं पुरे. शिंदखेड्याकडच्या कोरडवाहू गावातली मी मुलगी. लग्न होऊन केळीच्या मुलखात आले आणि थोड्याच दिवसांत गल्लीतल्या बाया माझ्यापुढे नारळ ठेवायला लागल्या. मी ते घेतले, फोडले आणि दार लावून खोबरंही खाल्लं. एवढा मूर्खपणा एकाच अंगात कसा मावला, याचं आज नवल वाटतं. पण मावला खरा, आणि तो भोगला माझ्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, नानांनी.

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पुतण्या म्हणाला, "काकू, नाना गेले." मी म्हटलं, "बरं." उरलेली मेथी निवडली, धुतली, फोडणीला टाकली. मीठ घालायलासुद्धा विसरले नाही. दहाव्याला बाया रडल्या, मी कावळ्याकडे बघत बसले. तो लगेच शिवला. काही अडलेलं नव्हतं म्हणे नानांचं... काही आठवडे झाले, मला अजून रडू आलेलं नाही. कोणी नानांचा विषय काढला की मी मान हलवते आणि चहाला आधण ठेवते.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. गावाजवळ कोळशावर चालणारं वीज केंद्र होतं, गाव त्याला नुसतं 'पावर' म्हणायचं. नाना पावरात बॉयलरवर कामाला. माहेरी मी कंदिलावर वाढलेली, त्यामुळे पावराची चिमणी दिसणाऱ्या गावात दिलंय म्हणजे घरात रात्रंदिवस लखलखाट असणार, अशी माझी समजूत. लखलखाट होता, पण पावरात. आमच्याकडची वीज माहेरासारखीच जायची. न चुकता यायची ती राख. सकाळी उठून बघावं तर तुळशीवर, गोठ्याच्या पत्र्यावर, केळीच्या बागेत पीठ चाळल्यासारखा थर. पाहुण्यांना केळीच्या पानावर वाढायचं तर पान आधी धुवायचं, मग पुसायचं, मग परत धुवायचं. कापूस नेला की व्यापारी मुठीत दाबून आमच्या मालकांना विचारायचा, "भाऊ, हा कापूस आहे का म्हाताऱ्याचे पिकलेले केस?"

धुरातली राख चिमणीत जाण्याआधी अडवणारं एक यंत्र पावरात होतं. ते दुरुस्तीसाठी बंद ठेवलं की सगळी राख सरळ आभाळात. ते कधी बंद राहणार हे बॉयलरवरच्या माणसांना आदल्या दिवशी कळायचं, पण बाहेर बोलायची मनाई. कारण साहेब लोक गावाला सांगायचे, ही राख तुमच्या चुलींची.

त्यात आमच्याकडे जेठाशी बोलायची पद्धत नव्हती. नाना ओसरीवर आले की मी पदर ओढून आत. तेही माझ्याशी बोलायचे नाहीत. बिबडे घालायचे दिवस होते. ज्वारीचं शिजवलेलं पीठ धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, ओल्या लुगड्यावर पातळ पसरायचं आणि उन्हात वाळवायचं. ओलं असताना राख पडली की वर्षाचा खाऊ मातीत. एका संध्याकाळी नाना ड्युटीवरून आले, सायकल भिंतीला लावली, गोठ्यात म्हशीसमोर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "काय गं, उद्या धाब्यावर काही घालू नको हं."

म्हैस रवंथ करत राहिली. मी आत भाकरी थापत होते, माझा हात परातीतच थांबला. म्हैस धाब्यावर काय घालणार?

दुसऱ्या दिवशी राख पडली. आमचं धाबं रिकामं होतं.

पुढच्या वेळी नानांनी म्हशीला सांगितलं तेव्हा मात्र माझ्या पोटात ते राहीना. शेजारच्या द्वारकाबाई बिबड्यांची तयारी करत होत्या. मी कुंपणावरून म्हटलं, "उद्या राख पडनार शे. ऱ्हावू द्या."

"तुला गं कसं ठाऊक?"

नानांचं नाव घ्यायचं नाही, एवढी अक्कल होती. मी म्हणाले, "माहेरनी देवी सांगस." एवढ्यावर थांबायचं की नाही? मी डोळे मिटले आणि जरा घुमलेसुद्धा.

राख पडली. मग काय विचारता! बाया वाळवण घालण्याआधी मला विचारायला यायच्या. संध्याकाळी मी खराटा घेऊन गोठ्याभोवती रेंगाळायची, देवीला नीट ऐकू यावं म्हणून. नानांच्या बायकोला, आमच्या अक्कांना, सगळं कळलेलं होतं. त्या म्हणायच्या, "देवी, प्रसन्न होऊन झालं असेल तर भांडी घासा." नानांच्याही कानावर गेलंच असणार. पण त्यांनी म्हशीला सांगणं थांबवलं नाही.

उन्हाळा सरता सरता एका दिवशी एवढी राख पडली की, खालच्या आळीतल्या, देवीवर विश्वास नसलेल्या बायांचे बिबडे करडे झाले. त्या ते ताटांत घेऊन पावराच्या फाटकावर निघाल्या. मागोमाग आम्हीही. एक साहेब बाहेर आले. शांतपणे म्हणाले, "बाई, ही राख आमची नाही."

द्वारकाबाई म्हणाल्या, "तुमची नाही? मग ती कधी पडणार हे आमच्या देवीला आदल्या दिवशी कसं कळतं?"

बाया खो-खो हसल्या. साहेब हसले नाहीत. "कोणाच्या घरी येते देवी?"

मी पदर सावरून पुढे झाले. "आमच्या."

"घरातलं कोणी आहे का आमच्याकडे कामाला?"

मला वाटलं, सांगितलं तर जरा वजन पडेल. "आहेत ना! आमचे जेठ. बॉयलरवर."

द्वारकाबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. त्याचा वळ बरेच दिवस होता.

नानांची नोकरी गेली नाही. बॉयलरवरून उचलून त्यांना राखेच्या बंधाऱ्यावर टाकलं. पावरातली राख पाण्यात कालवून नळांतून तिथे सोडायचे. पाणी आटलं की उन्हाळ्याच्या वाऱ्यावर ती उठायची. निवृत्त होईपर्यंत नाना तिथेच होते. नव्वद सालाच्या पुढे खोकला लागला, तो कायमचा. जळगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, काम कुठलं? बंधाऱ्यामुळेच नाना गेले, असं मी म्हणत नाही, बिड्याही ओढायचे. अक्का म्हणतात, वय झालं होतं. मी मान हलवते.

बदलीनंतरच्या उन्हाळ्यापासून राख केव्हा पडणार हे घरात कोणालाच आधी कळेना. नाना संध्याकाळी यायचे, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि मुकाट्यानं हातपाय धुवायला जायचे. तिच्या पाठीवर बोटांच्या पांढुरक्या रेघा राहायच्या.

बदलीचा हुकूम आला त्या दिवशीचं मात्र लख्ख आठवतं. नाना ओसरीवर बसले होते, कागद घडी करून खिशात ठेवलेला. मी पदर न ओढता बाहेर गेले. आतून अक्का "अगं, अगं" करत राहिल्या. मी म्हटलं, "नाना, माझ्यामुळे झालं." पुढचं मनाशी घोकून ठेवलं होतं, ते आठवेना. नानांनी मान वर केली आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलले. आवाजात राग नव्हता, हसूही नव्हतं.

"देवीचं नाव सांगून थांबली असतीस तर निभावलं असतं, पोरी. देवीची बदली होत नाही. माणसाची होते."