वाघजाईच्या दारातली वही

कासार आंबोलीपासूनच एसटीच्या खिडकीतून शेतांत बंगले दिसू लागले. आडवारी, शनिवार-रविवार नसल्यानं, सगळ्यांना कुलपं. पौडला उतरून वडाप (माणसं भरली की सुटणारी जीप) पकडली. ती फाट्यापर्यंतच. पुढं माझं माहेर, बारा घरांची वाडी, अर्धा तास चालत. वाटेत चपलेचा अंगठा तुटला. तुटू दे म्हटलं, देवराईत (देवाच्या नावानं राखलेलं रान) पायात काही घालत नाहीतच.

वहिनीनं नाचणीची भाकरी पुढं केली. आधी वाघजाईची ओटी, मग भाकरी, म्हटलं. दादाला चल म्हणाले तर तो बैलाच्या वैरणीला लागला. वहिनी म्हणाली, देवराईला गेट झाल्यापासून ते देवीकडं फिरकले नाहीत.

आमच्या वाडीत देवराईतली वाळकी काटकीही कोणी उचलत नाही. म्हणून बंगलेवाल्यांनी भोवती भिंत घालू म्हटल्यावर सगळे खूश झाले. रान राखलं जाईल म्हणून कागदावर पहिला अंगठा दादानं दिला. गेटाच्या कोणत्या बाजूला आपण राहणार, हे एकानंही विचारलं नाही.

गेटावर पहाऱ्याला शेजारचा बाजीराव. त्याला मी पाळण्यात पाहिलाय. त्यानं वही पुढं केली.

"आत्या, कुणाला भेटायचं त्ये लिवा. बंगला नंबर बी."

"तुला ठाव न्हाई व्हय?"

"मला हाय. क्यामेऱ्याला न्हाई."

मी चौथी शिकलेली. नाव लिहिलं, पुढं 'वाघजाई' लिहिलं, नंबर कोरा ठेवला.

आत देवीपुढची जुनी हिरडी नव्हती. तिच्या खोडाची चार बाकं केलेली, वर चकचकीत पॉलिश. बूट घातलेली एक बाई गोड आवाजात म्हणाली, "आजी, बसा ना." मी बसले नाही. ओटी भरली आणि परत फिरले.

घरी दादा ओट्यावर बसला होता. "झाडं तरी हायेत न्हवं?" त्यानं विचारलं.

"हिरडीची बाकं केलीत," मी सांगितलं. त्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायला मी आले नव्हते.

तो उठला, अनवाणीच निघाला. मी मागं. बाजीरावनं वही धरली, मग शाईचा डबा उघडला. "तात्या, अंगठा बी चालंल."

दादानं दोन्ही हात पाठीमागं बांधले. "एकदा दिलाय. तेवढा बास."

बाजीराव वही हातात घेऊन तसाच उभा राहिला. दादा त्याच्या बाजूनं आत गेला.

संध्याकाळी पौडला चप्पल शिवून घेतली आणि पुण्याची गाडी पकडली. अंगठा दिला म्हणून दादावर आलेला माझा राग वाटेत उतरला. तो काय, वाडीतले काय, शिकले नव्हते, फसले. पण वाचता येणारी मी, कोणी वही पुढं केली आणि मुकाट्यानं नाव लिहिलं. ते अजून तिथंच आहे, पाहुण्यांच्या यादीत.