बंब विझवणारे शेजारी

आमचे नंदनवन वस्तीतले शेजारी आगीच्या बंबावर होते. गुडघा मोडल्यावर साहेबांनी त्यांना टेलिफोनवर बसवलं. "हलकं काम म्हंतेत, अन् बसून बसून बूड जड होऊन राहिलं," असं ते दिसेल त्याला ऐकवायचे.

एका सकाळी अंगणात आमचा आंघोळीचा बंब धुरावला. "मांगं सरा!" म्हणत ते लंगडत आले आणि टॉवेलवर उभ्या मला ढकलून त्यांनी बादलीभर पाण्यानं बंब विझवला.

"भाऊजी, काहून विझवला?" बायको ओरडली.

"धूर दिसला का हात थांबत नाही, वैनी," ते ओशाळून म्हणाले.

तेव्हापासून सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की बायको बंबातल्या निखाऱ्यांकडे बघत हाक मारायची, "भाऊजी, आग!" ते बादली घेऊन धावत यायचे, आणि लंगडायचं साफ विसरायचे.