समोरच्या घड्याळवाल्याची दाढी

गल्लीत त्याला सगळे पाद्री म्हणत. होता न्हावी. पण गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याला कापड बांधलं आणि गालांना फेस लागला, की याचं प्रवचन सुरू. गळ्यावर वस्तरा असताना वाद घालायची कोणाची छाती? माणसं मुकाट्याने येशूची गोष्ट ऐकत आणि पुढच्या खेपेला पुन्हा येत, कारण पाद्रीचा हात फार हलका होता. पाद्रीला मात्र वाटे, ती गोष्टीसाठीच येतात.

एकच माणूस येत नसे, समोरच्या दुकानातला घड्याळवाला. त्याची दाढी पार छातीपर्यंत वाढली होती. ती का वाढली, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

कित्येक वर्षांपूर्वी घड्याळवाल्याची बायको तापाने गेली. थोड्या दिवसांनी तो दाढी करायला आला. डोळ्यांतलं पाणी फेसात उतरत होतं. पाद्रीने त्याला लाजराची गोष्ट सांगायला घेतली. लाजर मेला, त्याच्या दोघी बहिणींनी आकांत केला, येशूने हाक मारली आणि लाजर कबरीतून चालत बाहेर आला. सांगता सांगता पाद्रीला रंग चढला. जिभेला हाड नसतंच. तो बोलून गेला, "विश्वास हवा रे. तुझा असता, तर वहिनी आज घरी असत्या."

घड्याळवाल्याला मान हलवता येत नव्हती. पाद्रीने वस्तरा पुसायला हात बाजूला केला, तसा तो उठला. एक गाल साफ, दुसऱ्या गालावर फेस, अशा अवतारात रस्ता ओलांडून गेला. त्यानंतर त्याने गालाला वस्तरा लावू दिला नाही.

पाद्रीने आरसा जरा तिरका लावून घेतला. सरळ असला की त्यात समोरचं दुकान दिसे. माफी मागावी असं रोज मनात येई, आणि रोजच तो स्वतःला समजावत असे, मी देवाचंच तर बोललो. पण रात्री प्रार्थनेला डोळे मिटले की पुढे तो फेस लागलेला गाल येई.

मग एका सकाळी टॉवेल पिळताना त्याचा उजवा हात लुळा पडला. इस्पितळातून तो पाय ओढत घरी आला, पण हातात काही बळ परत आलं नाही. दुकानाला कुलूप लागलं. चर्चच्या मंडळीतले वडीलधारे भेटायला आले. उशाशी बसून, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विश्वासाने माग, बाबा. कुठेतरी कमी पडत असेल."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पाद्रीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, चांगल्या मनाने बोलले ते."

"मीही चांगल्या मनानेच बोललो होतो," तो म्हणाला, आणि त्याने तिला सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि हे मला काय सांगताय? समोर जा की."

तो गेला. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून एका घड्याळावर वाकला होता. पाद्री दारातच उभा राहिला.

"त्या दिवशी मी बोललो ते देवाचं नव्हतं. माझं होतं."

"माहीत आहे मला," घड्याळवाला मान वर न करता म्हणाला.

"आणि गोष्टही मी पुरी सांगितली नाही. हाक मारायच्या आधी येशू तिथे रडला होता. मला लाजराला उठवायची घाई. तेवढं मी गाळलं."

घड्याळवाल्याने भिंग काढलं.

"रडला? सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखत."

"मग एवढंच सांगायचं होतंस ना रे!" घड्याळवाल्याचा आवाज चिरकला. "त्या दिवशी मला तेवढं पुरलं असतं."

घड्याळवाल्याने पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं. पाद्री त्यावर बसला, लुळा हात डाव्या हाताने मांडीवर ठेवला, आणि गळ्यावर कोणाचाही वस्तरा नसताना गप्प राहिला.