वजनकाटा आणि सोमवार

माझ्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग खराब झाला होता. परदेशात म्हणे अख्खं फुप्फुसच बदलतात. आमच्या बेंगळुरातले डॉक्टर म्हणाले, खराब तेवढा भाग कापून काढू, पण आधी अंगात ताकद आली पाहिजे. वजन वाढवायचं, रोज चालायचं, बाटलीतल्या पाण्यात नळीनं फुंकून बुडबुडे काढायचे. नाहीतर ही टेबलावरून उठणार नाही, असं ते माझ्यासमोरच माझ्या नवऱ्याला म्हणाले.

बुडबुडे मी मोरीचं दार लावून काढायची. चालायला राजाजीनगरच्या रस्त्यावर जायची ती हातात रिकामी पिशवी घेऊन. बाई बिनकामाची फिरताना दिसली की लोक विचारतात, आणि मला तेव्हा उत्तर देता यायचं नाही. पिशवी दिसली की सासूबाई म्हणायच्या, "जातेच आहेस तर बटाटे आण." ते ओझं घेऊन येताना धाप लागायची, मग कुणाच्या तरी पायरीवर टेकायची.

आणि खाणं? माझं ऑपरेशन नीट व्हावं म्हणून सासूबाईंनी सोमवारचा नवस बोलला होता. नवस त्यांचा, उपास माझा. त्यांना पित्त होतं ना! मग संकष्टी आली. शेजारच्या अक्कांनी गुरुवारही चांगला म्हणून सांगितलं, तर तोही माझ्याच गळ्यात. उरल्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर मी बसायची, तोवर वरणाच्या भांड्यात पळीभर पाणीच उरलेलं. डॉक्टरांनी सांगितलेलं दूध नवऱ्याच्या कॉफीत जायचं. खाऊ नकोस असं कुणी म्हणालं नाही. जेवलीस का, असंही कुणी विचारलं नाही. याचा राग अजून जात नाही.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा वजन उलट उतरलं होतं. डॉक्टर चिडले. "क्या अम्मा, खाती नहीं?"

नवरा म्हणाला, "सब खाती है, डॉक्टर. उसके अंग को लगता ही नहीं."

मी चपला काढून काट्यावर उभी होते. तिथूनच म्हणाले, "खाने को नहीं मिलता." इतकं मोठ्यानं मी त्याआधी फक्त खोकले होते.

ऑपरेशन पुढे ढकललं. बसमध्ये नवरा म्हणाला, "परक्यांसमोर घराची अब्रू घालवलीस." मला धाप लागली होती आणि भूकही.

पुढच्या सोमवारी कुकर उघडल्या उघडल्या पहिला भात माझ्या ताटात वाढून घेतला. वर वरण, वर तूप. सासूबाई पूजा टाकून बाहेर आल्या. "अगं, आज सोमवार! देवाला काय सांगू मी?"

"सांगा, सून जेवतेय. उपास तुम्ही धरा."

घाईत शितं सांडत होती. तरी ताट संपवलं.

संध्याकाळी पिशवी खुंटीलाच राहू दिली. फाटकाशी अक्का होत्याच. "काय हो, पिशवी नाही ते? कुठं निघालात?"

"चालायला," मी म्हणाले. थांबले नाही.